नेमलेल्या कथांवर ‘वैयक्तिक प्रतिसाद’ लिहिताना स्वतःला किती आणावे?

कुंपणावरची (प्रश्न)

नमस्कार. मी मराठी विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते. कथा या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासपत्रिकेत अंतर्गत गुणांसाठी आम्हाला चार कथांवर ‘वैयक्तिक प्रतिसाद’ लिहायचा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘धर्मा रामोशी’, अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’, बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आणि जी. ए. कुलकर्णी यांची ‘स्वामी’ अशा त्या चार कथा आहेत. सारांश नको, समीक्षाग्रंथांतले उतारे नकोत, तुम्हाला काय वाटले ते लिहा, एवढीच सूचना होती. त्याप्रमाणे लिहिलेला खर्डा परत आला तेव्हा दोन कथांपुढे समासात ‘विषयांतर’ असा शेरा होता, एकीपुढे ‘हे मत झाले, प्रतिसाद कुठे आहे?’ असा, आणि चौथीपुढे काहीच नव्हते. शंका विचारायला गेले तर ‘कथेत राहा’ असे उत्तर मिळाले. कथेत राहायचे म्हणजे नेमके कुठे, हे मला समजलेले नाही, म्हणून येथे विचारते.

‘धर्मा रामोशी’विषयी मी असे लिहिले होते. निवेदक म्हाताऱ्या, अंगावर चिंध्या उरलेल्या धर्माला धोतर देतो आणि पुढे ते त्याच्या अंगावर दिसत नाही म्हणून त्याला चुटपुट लागते. धोतर कुठे गेले हे शेवटी कळते. धर्माच्या मुलीपाशी नेसायला काही नव्हते, ते धोतर तिच्या अंगावर आहे. वर्गात या शेवटावर सगळे हळहळले. मला मात्र त्याच्या आधीचे निवेदकाचे पाहणे खटकले. आपण दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या अंगावर दिसली पाहिजे, असे त्याला वाटते. आमच्या घरी जुने सदरे कामाला येणाऱ्या मावशींना द्यायचे ठरले की आई आधी कात्रीने त्यांची बटणे काढून घेते. ती बटणे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पडतात, आणि त्यांतले एखादेच कधी तरी कामाला येते. मावशी त्या सदऱ्यांना पदरचे पैसे घालून बटणे लावून घेत असणार. लहानपणापासून मी हे पाहत आले होते. कथा वाचल्यावर ते मला पहिल्यांदा दिसले. एवढे लिहून मी थांबले. शेरा: विषयांतर.

बागुलांच्या कथेतला ‘मी’ गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि तेथे आपली जात सांगत नाही. लोक त्याला वरच्या जातीचा समजतात, तो त्यांना तसे समजू देतो, आणि जात उघड झाल्यावर त्याला मार खावा लागतो. या कथेवर मी लिहिले की मागच्या वर्षी शहरात खोली शोधताना मालकीणबाईंनी मला आडनाव विचारले, गाव विचारले आणि खिळ्यावरची किल्ली काढून हातात घेतली. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला मात्र आडनावानंतर आणखी बरेच प्रश्न आले आणि अखेर खोली एकीलाच द्यायची असल्याचे कळले. त्या वेळी मी ‘जाऊ दे, नशीब’ एवढेच म्हणाले होते. या कथेतल्या निवेदकाशी माझे तादात्म्य झाले असे लिहिणे मला खोटेपणाचे वाटले. मी त्या कथेत असलेच तर त्याला आपल्यातला समजून घरी बोलावणाऱ्यांच्या बाजूला आहे, असे मी लिहिले. याही पुढे ‘विषयांतर’.

‘स्मशानातील सोनं’ मी एका बैठकीत वाचली. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा चितेच्या राखेतून सोने शोधू लागतो. एका रात्री पुरलेले प्रेत उकरताना त्याची कोल्ह्यांशी झुंज होते, आणि प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची दोन बोटे जातात. डॉक्टर बोटे कापतो त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. झुंजीपर्यंत मी भीमाबरोबर होते. या बातमीपाशी मला लेखक दिसला आणि भीमा दिसेनासा झाला. शेवट योगायोगाचा आहे, असे मी लिहिले. हे मत ठरले. ‘स्वामी’ वाचून मला काही वाटले नाही. तेही मी प्रामाणिकपणे लिहिले आणि त्यावर कोणताच शेरा नाही, याचे मला अधिक नवल वाटते.

माझे घर, माझी मैत्रीण, माझी खोली प्रतिसादात येणे म्हणजे कथेपासून दूर जाणे आहे का? आणि शेवट न पटणे हा प्रतिसाद का नाही?

समासातला मजकूर

तुमच्या प्राध्यापकांची अडचण मला समजते, कारण अशा वह्या तपासण्यात माझी नोकरी गेली. ‘वैयक्तिक प्रतिसाद’ मागितला की दोन प्रकारचे लेखन हमखास हाती येते. पहिल्यात ‘दारिद्र्याचे विदारक चित्रण’, ‘मन सुन्न करणारा शेवट’, ‘समाजव्यवस्थेवर ओढलेले कोरडे’ असली वाक्ये असतात, आणि कथेचे नाव बदलले तरी ती तशीच्या तशी चालतात. दुसऱ्यात विद्यार्थी कथेच्या पहिल्याच परिच्छेदातून आपल्या आजोळी निघून जातो आणि वही संपेपर्यंत परतत नाही. हे दुखणे आपल्याकडचेच आहे असेही नाही. केंब्रिजमध्ये इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या, त्यांवरचे लेखी प्रतिसाद जमवले आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांची कसून तपासणी केली. तेथेही साचेबंद प्रतिसाद आणि वाचकाच्या खासगी आठवणींची लुडबुड हे दोन्ही दोष ठळकपणे नोंदवलेले आहेत. त्याच्या सुमारे नऊशे वर्षे आधी काश्मीरचे संस्कृत साहित्यमीमांसक अभिनवगुप्त यांनी रसविघ्ने, म्हणजे आस्वादात येणारे अडथळे, सांगताना ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक विघ्न मानले होते. स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेला माणूस समोरच्या नाट्याचा आस्वाद घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय. ‘विषयांतर’ हा शेरा बहुधा या परंपरेतून आला असावा, जरी एका शब्दात तो फारच कंजूषपणे उतरला असला तरी.

परंतु आठवण आली म्हणजे ती अप्रस्तुतच असते, असे मुळीच नाही. त्या आठवणीमुळे कथेतली एखादी जागा अधिक स्वच्छ दिसू लागते की झाकली जाते, एवढे पाहावे. बटणांच्या डब्यामुळे मला ‘धर्मा रामोशी’तली एक जागा खरोखर नव्याने दिसली. धोतर देणारा निवेदक वाईट माणूस नाही. त्याला कळवळा आहे, आणि तरीही दिलेल्या वस्तूची पोच त्याला डोळ्यांनी हवी आहे. मात्र तुम्ही जेथे थांबलात तेथून खरे काम सुरू होत होते. निवेदकाचे देणे आणि तुमच्या घरचे देणे ही एकाच जातीची नाहीत. निवेदकाने धोतर अख्खे दिले आणि त्यावरची नजर काढून घेतली नाही. तुमच्या घरून वस्तू अपुरी गेली, आणि पुढे तिचे काय झाले हे, तुमच्याच मजकुरावरून पाहता, कोणी विचारले नाही. ‘असणार’ या तुमच्या क्रियापदात ते सगळे आले आहे. यांतले कोणते देणे बरे, हा प्रश्न कथा विचारत नाही. तुमच्या आठवणीमुळे तो विचारता येतो. हा फरक चार ओळींत मांडला असता तर समासात ‘विषयांतर’ लिहायला हात धजावला नसता.

जाता जाता एक गोष्ट. ‘धर्मा रामोशी’ ज्यात आहे ते ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ चे, आणि त्यातल्या लेखनाला व्यक्तिचित्रे म्हणायचे की कथा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. तुम्हाला निवेदकाचे पाहणे खटकले याचा या वादाशी जवळचा संबंध आहे. व्यक्तिचित्रात निवेदक हा साक्षीदार असतो, म्हणून त्याचे पाहणे आपण तपासत नाही. कथा म्हणून वाचले की तोही एक पात्र होतो, आणि तुम्ही त्याला पात्र म्हणूनच वाचले आहे. हे वाक्य वहीत अवश्य घाला, कारण परीक्षकाला वाङ्मयप्रकाराचे भान दिसले की समाधान वाटते.

‘स्मशानातील सोनं’विषयीचा तुमचा आक्षेप जुना आणि प्रतिष्ठित आहे. अभिनवगुप्तांच्याच यादीत पहिले विघ्न ‘संभावनाविरह’ हे आहे. घडते ते शक्य कोटीतले वाटले नाही तर रस खंडित होतो. म्हणजे ‘पटले नाही’ हा प्रतिसादच आहे. परंतु रस कोणत्या वाक्याला खंडित झाला आणि त्या वाक्यापर्यंत तुम्ही कशामुळे विश्वास ठेवत आला होता, हे दाखवल्याशिवाय ते नुसते मत राहते.

वारणेकडचा

मी साहित्याचा विद्यार्थी नाही, पण भीमाच्या शेवटाविषयी मला सांगावेसे वाटते. माझे वडील दगडखाणीवर मुकादम होते आणि माझे लहानपण खाणीच्या कडेला गेले.

खाण का बंद पडली, हे मजुराला कधीही कोणी समजावून सांगत नाही. पावसाने खड्डा भरलेला असतो, सरकारची रॉयल्टी थकलेली असते, ठेकेदाराचे आणि जमीनमालकाचे बिनसलेले असते किंवा खडी उचलणारे गिऱ्हाईक तुटलेले असते. मजुराच्या कानावर फक्त ‘उद्यापासून येऊ नका’ एवढेच येते. खाण सुरू होते तेव्हाही तसेच. कोणी तरी सांगत येतो की सुरुंगाचा आवाज ऐकला, नाहीतर ठेकेदाराची गाडी आली होती. कामाचे बंद होणे आणि सुरू होणे ही दोन्ही मजुराच्या आयुष्यात बातमी म्हणूनच येतात, आणि त्या बातमीच्या वेळेवर त्याची सत्ता नसते. तुम्हाला जो योगायोग वाटतो तो माझ्या वडिलांना रोजचा व्यवहार वाटला असता.

कथेची सुरुवात पुन्हा एकदा पाहा. तीही बातमीनेच होते. शेजारच्या गावातला कोणी बडा माणूस मेल्याचे भीमाच्या कानावर येते आणि त्याची रात्र ठरते. कथा संपते तीही बातमीवर. दोन्ही बातम्या दुसऱ्यांच्या आहेत, एक सावकारीच्या जगातली आणि एक ठेकेदारीच्या, आणि भीमाच्या हातात या दोहोंच्या मधली रात्र काय ती आहे. त्या रात्री तो एवढा बलदंड दिसतो की आपण विसरून जातो, त्याला कशावरच ताबा नाही. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून वडिलांबरोबर मुंबईपर्यंत पायी गेलेले. भीमालाही त्यांनी वारणेच्या काठावरूनच मुंबईकडे आणले आहे. काम मिळणे आणि तुटणे यांविषयी ते ऐकीव लिहीत नव्हते.

बोटांविषयीही थोडे. घण किंवा पहार चालवताना दांड्यावरची पकड साऱ्या पंजाची असते. दोन बोटे गेलेल्या माणसाला कोणताही मुकादम दगडाच्या तोंडाशी उभा करीत नाही. फार तर त्याला घमेली भरायला लावतात, आणि तेथे मजुरी कमी पडते. म्हणून खाण सुरू झाल्याची बातमी भीमाला ‘आणखी थोडे थांबला असतास तर’ एवढेच सांगत नाही. खाण सुरू झाली तरी ती आता त्याच्यासाठी सुरू झालेली नाही, हे ती सांगते. तो लहान मुलासारखा रडतो ते यामुळे, असे मी तरी वाचले.

बातमी त्याच दिवशी यायला नको होती, आठ दिवसांनी आली असती तरी चालले असते, हे मात्र मान्य.

दोन नंबरची चाळ

‘समासातला मजकूर’ यांच्या प्रतिसादातल्या एका गोष्टीला माझा विरोध आहे. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला वाचक आस्वाद घेऊ शकत नाही, हे सूत्र सर्व वाचकांना सारखे लागू होत नाही. ज्याला आडनावावरून खोली नाकारली गेली आहे, त्याने बागुलांची कथा वाचताना आपले दुःख दाराबाहेर काढून ठेवावे आणि मग आत यावे, ही अपेक्षा करणारा माणूस बहुधा स्वतः कधी दाराबाहेर उभा राहिलेला नसतो. शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी करताना आनंद ही कसोटीच अपुरी ठरवली आहे, ती उगाच नाही. अभिनवगुप्तांचा प्रेक्षक पोटभर जेवून रंगशाळेत येत असे. १९६३ साली बागुलांचा संग्रह आला तेव्हा त्याच्या वाचकांत असेही लोक होते ज्यांना ती कथा आपल्यावर गुदरलेली वाटली, आणि त्यांचा प्रतिसाद त्या कारणाने कमी प्रतीचा ठरत नाही.

प्रश्नकर्तीला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अशी की ‘मी त्याला आपल्यातला समजणाऱ्यांच्या बाजूला आहे’ हे तुमचे वाक्य प्रामाणिक आहे, पण जरा घाईचे आहे. त्या कथेत काशिनाथही आहे. तो त्याच कामावर आहे, जात लपवत नाही, आणि शेवटी निवेदकाला मारातून सोडवतो तोच. म्हणजे ‘लपवणारा’ आणि ‘न लपवणारा’ अशी दोन माणसे लेखकाने शेजारी शेजारी उभी केली आहेत, आणि वाचणाऱ्याला यांच्यापैकी कोणाबरोबर राहायचे ते ठरवावे लागते. तुम्ही मालकीणबाईंच्या बाजूला नव्हता. तुम्ही मैत्रिणीच्या शेजारी उभ्या होता आणि ‘जाऊ दे’ म्हणालात. काशिनाथकडे पाहून त्या ‘जाऊ दे’विषयी काही लिहिता आले तर पाहा.

दुसरी गोष्ट कथेच्या शेवटाची. मार खाऊन झाल्यावर निवेदक म्हणतो की मला यांनी नव्हे, मनूने मारले, अशा अर्थाचे काही. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते वाक्य फार मोठ्या मनाचे वाटले होते. पुढे, मी स्वतः भाड्याची खोली शोधत फिरू लागल्यावर, मला त्याच वाक्याचा राग येऊ लागला. आडनावावरून उलगडा झाला नाही की मला गाव विचारत, गावावरूनही झाला नाही की कुलदैवत विचारत, आणि हे सारे अत्यंत गोड आवाजात चाले. तो आवाज मनूचा नव्हता. त्या त्या घराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा होता. ‘मनूने मारले’ म्हटले की मारणारे हात मोकळे सुटतात, असे मला वाटते. माझे काही मित्र याच्या नेमके उलट वाचतात. त्यांच्या मते तो निवेदक शत्रू ओळखण्यात चुकत नाही आणि त्यामुळेच तो सूडाच्या वाटेला जात नाही. आमचे भांडण अजून मिटलेले नाही. तुमच्या खर्ड्यात मालकीणबाईंच्या हातात किल्ली आहे. ती किल्ली तेथेच असू द्या. ‘जातिव्यवस्थेचे वास्तव’ असा शब्दप्रयोग करून त्या बाईंना त्या वाक्यातून सोडवू नका, शेरा काहीही येवो.

आणि एक विचारायचे राहिले. मैत्रिणीची हकीकत गुणांसाठी वहीत जाते आहे, हे तिला ठाऊक आहे का?

उशिराची गाडी

जी. एं.च्या कथेविषयी ‘काही वाटले नाही’ असे लिहिले तर आमच्या काळी पाप लागत असे. हल्ली सूट मिळालेली दिसते. तरी ‘काही वाटले नाही’ हे कथेच्या कोणत्या टप्प्यावर सुरू झाले, ते शोधून पाहावे, कारण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काहीच न वाटणे सहसा घडत नाही. ‘स्वामी’त वाटसरूला मठात नेले जाते, स्वामीपदाच्या नावाखाली भुयारी खोलीत कोंडले जाते, आणि पुढे सारी कथा त्या खोलीतल्या एका वेलावर येऊन टेकते. मी स्वतः त्या कथेचा भक्त आहे, तरी तो माणूस सुटकेची धडपड सोडून देतो त्या जागी मी दर वाचनात त्याच्यापासून तुटतो, कारण माझे अजून दार बडवून झालेले नसते. नंतर तो वेल मला पुन्हा आत ओढतो. तुम्हाला त्याने ओढले नाही, असे दिसते. ती जागा सापडली तर अर्ध्या पानाचे दोन पाने होतील. नाही सापडली तर अर्धे पान तसेच ठेवा. ‘स्वामी’ ज्यात आहे ते ‘पिंगळावेळ’ १९७७ पासून तुमच्यासारख्या वाचकांना सोसत आले आहे.

कुंपणावरची

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेल्या सगळ्याच गोष्टी मी स्वीकारणार नाही, पण खर्डा पुन्हा लिहायला घेतला आहे.

मैत्रिणीला माहीत नव्हते. काल तिला तो मजकूर वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि मी तिच्यासाठी वापरलेले ‘बिचारी’ हे विशेषण पेनने खोडले. मग म्हणाली की मालकीणबाईंनी आपल्याला चहा विचारला होता, ते तू लिहिलेले नाहीस. त्या उद्धट नव्हत्या, हे लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की अशी बाई ओळखू येते. ते वाक्य मी जवळजवळ तिच्याच शब्दांत घातले आहे. ‘जाऊ दे’विषयी तिने काही म्हटले नाही. मी मात्र ते काशिनाथच्या परिच्छेदाला जोडून लिहिले आहे, आणि तेथे अजून वाक्य नीट बसत नाही.

बटणांविषयी ‘समासातला मजकूर’ सरांनी फरक दाखवला तो मला पटला. मावशींना मी विचारले नाही, विचारायचा धीर झाला नाही, पण आईला विचारले. ते सदरे मावशी घालत नाहीत, त्यांचा मुलगा घालतो, असे ती म्हणाली. आमच्या घरी त्याला कोणी पाहिलेले नाही.

‘स्मशानातील सोनं’ मी पुन्हा वाचली. पहिल्या बातमीवर माझे लक्ष गेले नव्हते. तरीही माझा आक्षेप मी सोडत नाही. फक्त तो बातमीवरून काढून ‘त्याच दिवशी’वर ठेवते. खाण केव्हाही सुरू होऊ शकते हे मान्य केले, तरी डॉक्टरची सुरी आणि खाणीची बातमी एकाच दिवशी आणण्याची निवड लेखकाची आहे. ‘वारणेकडचा’ यांनीही तेवढे मान्य केले आहे. पण हा आक्षेप वहीत मांडायचा कसा? ‘मला कृत्रिम वाटले’ एवढे लिहिले तर पुन्हा ‘मत’ असाच शेरा येईल.

समासातला मजकूर

आधी ‘दोन नंबरची चाळ’ यांना एवढेच सांगतो की तुमचा आक्षेप मी वाचला आहे आणि त्याला दोन ओळींत उत्तर देणे योग्य होणार नाही. तटस्थता ही कोणाला परवडते, हा प्रश्न मी वर्गात फार थोड्या वेळा विचारला, हे खरे आहे. त्यावर वेगळा धागा काढावा.

आता वहीविषयी. कथेत वेळ कसा खर्च झाला आहे, ते पाहा. उकरण्याची आणि झुंजीची रात्र एकच आहे, पण लेखक ती सावकाश, एकेक हालचाल दाखवत, पहाटेपर्यंत नेतो. भीमाच्या दमाबरोबर आपलाही दम लागतो. त्यानंतर ताप, डॉक्टर, बोटे आणि बातमी हे सगळे काही ओळींत उरकते. ‘त्याच दिवशी’ हे शब्द त्या घाईत येतात. तुमचा विश्वास उडाला तो दोन घटना एका दिवशी घडल्यामुळे, की रात्रीचा प्रत्येक क्षण मोजणाऱ्या लेखकाने पुढचा दिवस मोजलाच नाही म्हणून? झुंजीतला एक छोटा परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद पृष्ठक्रमांकासह शेजारी शेजारी उतरवा आणि त्यांच्याखाली या प्रश्नाचे तुमचे उत्तर लिहा. उत्तर पहिले असेल तर ‘वारणेकडचा’ यांच्या बातमीच्या मुद्द्याला तुम्हाला तोंड द्यावे लागेल, आणि दुसरे असेल तर लेखनाच्या गतीविषयी बोलावे लागेल. दोन्हींपैकी कोणतेही चालेल; मात्र उतारे चार-पाच ओळींपेक्षा लांब घेऊ नका, परीक्षक ते वाचत नाहीत.